अराकूची कॉफी : पाकीट महाग वाटलं तर आधी पैसे कुठे जातात ते बघा

आमच्या घरी कॉफी म्हणजे जायफळ घातलेली, दुधातली, उपासाच्या दिवशी हमखास. नाहीतर माटुंग्याला गेलं की स्टीलच्या वाटीपेल्यातली. दोन्ही मला आजही तेवढ्याच आवडतात. पण गेले काही महिने घरात अराकूचं पाकीट संपलं की लगेच दुसरं येतंय, आणि आजूबाजूला बरेच जण विचारतात की एवढे पैसे घालण्यासारखं आहे का त्यात, म्हणून जरा नीट लिहिते.

आधी चवीचं. ही 100 टक्के अरेबिका, म्हणजे कॉफीची सौम्य चवीची जात, आणि चिकोरी, म्हणजे कॉफीत मिसळतात ती भाजलेल्या मुळाची पूड, अजिबात नाही. आपल्याकडे फिल्टर कॉफी म्हणून जी पावडर मिळते त्यात बहुतेक वेळा चिकोरी असते, नियमाप्रमाणे अशा मिश्रणात किमान 51 टक्के कॉफी असली की चालतं, म्हणजे जवळजवळ अर्धी चिकोरी असू शकते, आणि तो जो काळाकुट्ट दाट डिकॉक्शन आपल्याला सवयीचा आहे ना तो बराचसा तिच्यामुळे. म्हणून अराकू पहिल्यांदा फिल्टरमध्ये टाकली की रंग बघून पातळ झाली असं वाटतं. पातळ नसते ती. पावडर थोडी जास्त घ्या, दूध कमी करा, आणि पहिला घोट साखर न घालता घ्या. मला त्यात संत्र्यासारखी हलकी आंबट चव लागते आणि मागून मधासारखा गोडवा येतो, कडूपणा जिभेवर रेंगाळत नाही. जायफळ मात्र हिच्यात घालू नका, सगळी चव झाकली जाते.

आता ही चव येते कुठून, तर मला सगळ्यात जास्त तेच सांगायचंय. अराकू म्हणजे विशाखापट्टणमच्या वरचा पूर्व घाटातला डोंगराळ आदिवासी भाग, विझागला फिरायला गेलेली आपली मंडळी बोरा गुहा बघायला जातात ना, तिथलाच पट्टा. उंची साधारण हजार मीटर, सिल्व्हर ओकच्या सावलीत कॉफी आणि त्याच झाडांवर मिरीचे वेल, म्हणजे एकाच जमिनीत दोन पिकं. शेतकऱ्याकडे जमीन एखाददुसरा एकर. एवढ्याशा मालाला एकट्याने भाव कोण देणार? आठवडी बाजारात व्यापारी म्हणेल तो भाव, आणि त्याला सगळा माल एकाच दराने हवा असतो, त्यामुळे पिकलेलं, कच्चं सगळं एकदम ओरबाडून वाळवून विकणं हेच शहाणपणाचं ठरतं. मेहनत करून चांगलं फळ निवडलं तरी पैसा तेवढाच, मग कोण कशाला निवडेल?

2007 साली इथल्या शेतकऱ्यांची सहकारी सोसायटी झाली, नांदी फाउंडेशन ही सामाजिक संस्था सोबत होती. आंध्रात 1995 चा वेगळा सहकार कायदा आहे, त्याखाली झालेल्या सोसायटीत सरकारी भागभांडवल नसतं, सभासदांचाच पैसा आणि सभासदांचाच कारभार. सहकारी साखर कारखाने बघत मोठं झालेल्या आपल्या लोकांना यातला फरक लगेच कळेल. सोसायटी वाळवलेला माल घेण्याऐवजी झाडावर पिकलेलं लाल फळ घेते आणि पुढची प्रक्रिया एका जागी करते. फळ तोडल्यावर काही तासांत आंबायला लागतं, म्हणून त्याच दिवशी गावातून उचलून साल काढायला न्यावं लागतं, मग धुणं, वाळवणं, प्रतवारी. हे एकेकट्याच्या अंगणात एकसारखं होणं अवघड असतं, आणि त्यातच चव बिघडते. लाल फळाला चांगला भाव मिळायला लागला की शेतकरी एकाच झाडाकडे पुन्हा पुन्हा जाऊन फक्त पिकलेलंच तोडतो. म्हणजे माझ्या कपातली चव आणि त्याच्या हातात पडणारा पैसा या एकाच कामातून येतात, म्हणून मला हे पाकीट घेताना दान केल्यासारखं वाटत नाही.

हिशोबच बघा. साधारण सहा किलो फळातून एक किलो हिरवं बी निघतं, भाजताना त्यातलंही 15 टक्क्यांच्या आसपास वजन उडतं. पाव किलोच्या पाकिटामागे पावणेदोन किलो फळ, तेही हाताने बघून बघून तोडलेलं! झाड लावल्यावर पहिलं पीक यायलाच तीनचार वर्षं जातात, तोवर शेतकऱ्याने थांबायचं कशावर हाही प्रश्न असतोच. इन्स्टंटच्या बरणीशी किंमत लावून बघणारे असतात त्यांना मी हेच सांगते.

पुढे 2017 मध्ये या सोसायटीच्या कॉफीचं 'अराकू' याच नावाने पॅरिसला दुकान निघालं, आता आपल्या कुलाब्यातही कॅफे आहे. पॅरिसचं कौतुक ठीक आहे, पण मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते हे की ब्रँडसुद्धा त्याच साखळीत आहे. कच्चा माल विकून मोकळं झालं की भाजणं, पॅकिंग, नाव या सगळ्यातली कमाई दुसरंच कोणीतरी नेतं.

एक सांगून ठेवते, नावात गोंधळ होतो. बाजारात 'अराकू व्हॅली कॉफी' म्हणून गिरिजन को-ऑपरेटिव्ह कॉर्पोरेशनचीही कॉफी मिळते, ती 1956 पासूनची आंध्र सरकारची संस्था, आदिवासींकडून वनोपज आणि कॉफी घेते. तीही घ्या, पण दोन्ही एकच समजू नका. आणि 2019 मध्ये अराकू व्हॅली अरेबिकाला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालंय ते त्या भागाला मिळालंय, कुठल्या एका कंपनीला नाही, म्हणून नुसतं अराकू वाचून पैसे देऊ नका, मागे बनवणाऱ्याचं नाव वाचा.

मला एकच काळजी वाटते. 2025 च्या सुरुवातीला जगभर अरेबिकाचे भाव विक्रमी वर गेले होते, आणि असं झालं की कुठल्याही भागात व्यापारी रोख घेऊन दारात येतो. त्या वेळी सोसायटीने पैसे वेळेवर दिले तरच सभासद टिकतो. आपल्या चिखलदऱ्यालाही कॉफी होते, महाराष्ट्रात असून कितीतरी जणांना माहीत नाही, आणि मेळघाटातल्या लोकांचं असं काही उभं राहिलं तर मी पहिलं पाकीट घेईन.

घ्यायची असेल तर अराकूच्या 'सिग्नेचर' नावाच्या प्रकारापासून सुरुवात करा, लहान पाकीट घ्या, भाजल्याची तारीख बघा, आणि घरी ग्राइंडर नसेल तर आपल्या फिल्टरसाठी दळून द्या असं सांगा, फ्रेंच प्रेसचं जाड दळण आपल्या फिल्टरमधून भराभर खाली उतरतं आणि कॉफी पाणचट होते.