मराठा मंदिर, साडेअकराचा शो, 40 रुपये फुल वसूल

डीडीएलजे, म्हणजे आपला 'दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे', टीव्हीवर किती वेळा पाहिलाय याचा हिशोबच नाही पण मोठ्या पडद्यावर कधी पाहिला नव्हता, म्हणून सुट्टी होती तर आईला उचललं आणि गेले मराठा मंदिरला. मुंबई सेंट्रलला उतरलात की समोरच. आम्ही गेलो तेव्हा बाल्कनी 40 रुपये होती. आमच्या घराजवळच्या मल्टिप्लेक्समध्ये तेवढ्यात पाण्याची बाटलीपण येत नाही हो.

20 ऑक्टोबर 1995 ला लागलेला पिक्चर, 2014 च्या डिसेंबरात 1000 आठवडे झाले, 2015 मध्ये उतरवायचं ठरलं होतं तर लोक ऐकेनात, परत सुरू केला. पब्लिक बघायला तरी जाच. कॉलेजची जोडपी, टॅक्सीवाले, आणि गाडीला वेळ आहे म्हणून बॅगा घेऊन आलेली मंडळी. 'पलट'च्या सीनला शाहरूखच्या आधी अख्खं थिएटर ओरडतं!

यावेळी जाणवलं ते म्हणजे आदित्य चोप्राचा हा पहिलाच पिक्चर, रिलीजला पोरगा जेमतेम 24 चा, आणि त्याने पळून जाणारा हिरो लिहिला नाही. हिरोईनची आई स्वतः दागिने हातात ठेवून सांगते जा पळून, आणि हिरो नाही म्हणतो. नव्वदीत पोरापोरींनी तिकीट काढलं आणि त्यांच्या आईबापांनीपण, ते यामुळेच असं माझं मत. शाहरूख तेव्हा बाजीगर-डरमधला डेंजर माणूस, त्याला हे गुलुगुलु प्रकरण करायचंच नव्हतं म्हणे, आदित्य मागे लागून लागून तयार केला. हिरोईनचा बाप झालेल्या अमरीश पुरींबद्दल काय बोलणार, नुसते कबुतरांना दाणे टाकत उभे राहिले तरी पोटात गोळा येतो.

सगळंच गोड नाहीये. युरोपच्या ट्रेनमध्ये राज, म्हणजे शाहरूख, काजोलला जे छळतो ते आज बघताना हात शिवशिवतात. इंटरव्हलनंतर लग्नघर जरा लांबतंच, पिक्चर तीन तासांच्या वर आहे, बूड अवघडतं. पण काजोलची आई झालेली फरीदा जलाल मुलीला सांगते ना, की बायकांनीच कायम सगळं सोडायचं असतं, तिथे आई एकदम गप्प झाली. मी पण काही विचारलं नाही.

शेवटचं स्टेशन आलं तशी आईने मला कोपर मारलं, "अगं हे आपलं आपटा!" तिचं माहेर रसायनीचं. पंजाब म्हणून दाखवलंय ते रायगडातलं आपटा स्टेशन, पनवेल-रोहा लाईनवरचं. पुढची दोन मिनिटं माझ्याकडे पिक्चर कमी आणि आईची कॉमेंट्री जास्त.

आमच्या पुढच्या रांगेत एक काका होते, मांडीवर रेग्झिनची बॅग, तीनची एसटी आहे म्हणून सारखं घड्याळ बघत होते. मारामारी सुरू झाली तसे उठले, वाटलं गेले. तर दारापाशी जाऊन बॅग खांद्यावर तशीच ठेवून उभे, अमरीश पुरींनी हात सोडला, काजोल धावली, गाडीत चढली आणि मग काका जे सुटले!