लिचेस, चेसडॉटकॉम की घरातला पट? गोव्यातल्या पालकांसाठी

2025 च्या नोव्हेंबरात हडफड्याला बुद्धिबळाचा विश्वचषक झाला आणि आमच्या फोंड्यात, एरवी फुटबॉल नि क्रिकेटच्या पलीकडे न जाणाऱ्या घरांतही, मुलं पट मागायला लागली. 206 खेळाडू, बाद पद्धत, करंडकाला विश्वनाथन आनंद यांचं नाव. जगज्जेता गुकेश तिसऱ्या फेरीतच बाहेर पडला, अर्जुन एरिगैसी उपांत्यपूर्व फेरीत हरला आणि शेवटी उझबेकिस्तानचा एकोणीस वर्षांचा जावोखिर सिंदारोव जिंकला. त्यानंतर शाळेच्या फाटकापाशी, लग्नात, चवथीला आलेल्या पाहुण्यांकडून मला एकच प्रश्न येतो: मुलाला मोबाइलवर कुठलं घालून देऊ, आणि पैसे भरू का?

मी प्रशिक्षक नाही. माझी मुलगी सातव्या वर्षापासून खेळते, आता नववीत आहे. तिच्यामागून मडगाव, म्हापसा, वास्को असे कितीतरी रविवार मी शाळांच्या सभागृहांबाहेर बाकावर बसून काढले आहेत. लिचेस आणि चेसडॉटकॉम या मोबाइलवर बुद्धिबळ खेळायच्या आणि शिकायच्या दोन्ही साइट तिने वापरल्या, एकीवर आम्ही वर्षभर पैसेही भरले. तेवढ्या अनुभवावर लिहिते आहे.

माझा कौल आधीच देऊन टाकते. मूल बारा वर्षांच्या आतलं असेल आणि जवळपास शिकवणारं कुणी असेल, तर लिचेस घ्या, आणि वर्गणीत गेले असते ते पैसे पट, घड्याळ आणि स्पर्धांच्या प्रवेश फीमध्ये घाला. मूल मोठं असेल किंवा तुम्ही स्वतःच चाळिशीत शिकायला बसला असाल, आणि सत्तरी-काणकोणसारख्या भागात शिकवणारं कुणी मिळत नसेल, तर चेसडॉटकॉमची एका वर्षाची वर्गणी सार्थकी लागते. पट मात्र दोन्ही घरांत हवाच.

लिचेस हे 2010 साली तिबो द्युप्लेसी या फ्रेंच प्रोग्रामरने सुरू केलं. ते देणग्यांवर चालतं. जाहिरात नाही, आणि पैसे भरल्यावर उघडणारी कुलूपबंद खोलीही नाही. देणगी देणाऱ्याच्या नावाशेजारी पंखाचं लहानसं चिन्ह येतं, बाकी त्याला आणि तुमच्या मुलाला मिळतं ते सारखंच. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा माझा विश्वास बसला नव्हता. इतक्या वर्षांनंतरही तिथे आम्हाला कधी अडवलं गेलेलं नाही. कोडी हवी तितकी सोडवा. ती खऱ्या खेळाडूंच्या डावांतून काढलेली असतात आणि प्रकारानुसार लावलेली असतात. फोर्क म्हणजे एका मोहऱ्याने दोघांवर एकदम हल्ला. पिन म्हणजे मागच्या मोठ्या मोहऱ्यामुळे जखडून पडलेला मोहरा. शिवाय शेवटच्या पट्टीवरची मात आणि असे कितीतरी प्रकार. आठवडाभर फक्त पिनची कोडी द्यायची ठरवली तर देता येतात. लहान मुलांसाठी एक बटण आहे, ते चालू केलं की गप्पा आणि निरोप सगळं बंद होतं. साताठ वर्षांच्या मुलाच्या आईला हे बटण पहिल्या दिवशीच माहीत हवं. भाषा मराठी निवडता येते. आमच्या मराठी प्राथमिक शाळेतल्या मुलांना त्याचा खरोखर उपयोग झाला.

उणीव म्हणजे लिचेस कोरडं वाटतं. डाव संपला की आलेख दिसतो, चूक कुठे झाली ते दिसतं, पण का झाली हे शब्दांत समजावणारं तिथे कुणी नसतं. शिकवणारं माणूस असेल तर ही उणीव भरून निघते. प्रशिक्षक स्टडी, म्हणजे साइटवरचा सामायिक पट, उघडतो, पटावर बाण काढतो, आणि तोच पट दहा घरांतल्या दहा मुलांना एकाच वेळी दिसतो. माणूस नसेल तर मूल कोडी सोडवत राहतं आणि वर्षभरानेही डावाची सुरुवात कशी करायची हे त्याला कळलेलं नसतं.

चेसडॉटकॉमची बाजू नेमकी इथे भक्कम आहे. 2007 साली सुरू झालेली ही कंपनी 2022 च्या डिसेंबरात दहा कोटी सदस्यांवर पोचली होती. माजी जगज्जेता मॅग्नस कार्लसनच्या नावाने चालणारा प्ले मॅग्नस समूहही तिने त्याच वर्षी विकत घ्यायचं ठरवलं. तिथे पायरीपायरीचे धडे आहेत, व्हिडिओ आहेत, वेगवेगळ्या ताकदीचे आणि स्वभावाचे बॉट, म्हणजे संगणकी प्रतिस्पर्धी, आहेत. डाव संपला की प्रशिक्षकाच्या आवाजात सांगितलं जातं: ही चाल उत्तम, इथे तुझा उंट आधाराशिवाय मोकळाच राहिला. एकट्याने शिकणाऱ्या माणसाला ही सोबत मोठी असते. माझ्या दिराने पन्नाशीत असंच सुरू केलं, रोज जेवणानंतर एक धडा. आता तो माझ्या मुलीशी वीस-पंचवीस चाली टिकतो.

फुकटात मात्र तिथे हात आखडता आहे. कोडी दिवसाला मोजकीच, डावाचं सविस्तर परीक्षणही मोजकंच, आणि मध्ये जाहिराती. वर्गणीच्या सोनं, प्लॅटिनम, हिरा अशा पायऱ्या आहेत. घ्यायचीच झाली तर वर्षाची घ्या, महिन्याच्या हिशेबाने ती महाग पडते. ती आपोआप नव्याने सुरू होते, तेव्हा तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. अगदी लहान मुलांसाठी त्यांचं चेसकिड नावाचं वेगळं दालन आहे. सात वर्षांच्या मुलाला चेसडॉटकॉम द्यायचंच असेल तर तिथून सुरुवात करा.

पैसे भरण्याआधी एक गोष्ट समजून घ्या, कारण इथे बहुतेक पालकांचा गोंधळ होतो. स्टॉकफिश हे इंजिन, म्हणजे डाव तपासून चांगली चाल सांगणारा प्रोग्राम, कुणालाही मोफत मिळतं, आणि ते दोन्हीकडे वापरता येतं. म्हणजे पैसे भरल्याने जास्त हुशार यंत्र मिळत नाही. मिळतात ते धडे, आवाज, रंग आणि चालीला मिळणारी शाबासकी. लिचेसवर तेच इंजिन स्वयंसेवकांनी दिलेल्या संगणकांवर चालतं आणि तुमच्या मुलाचा पूर्ण डाव मोफत तपासून देतं.

आता यंत्राच्या उपयोगाबद्दल, कारण माझ्या मते सगळा निर्णय इथेच होतो. माझी मुलगी दहा वर्षांची असताना डाव हरली की त्याच क्षणी तपासणीचं बटण दाबायची. पडद्यावर आकडा यायचा: तेविसाव्या चालीला हत्ती डी1 या घरावर न्यायला हवा होता. ती मान डोलवायची आणि पुढचा डाव सुरू. सहा महिने असे गेले आणि तिचा खेळ तसूभर पुढे सरकला नाही. तेव्हा तिच्या सरांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "ताई, तिला विचारा, घोडा किती चाली मोकळा होता?" आम्ही तो डाव पटावर मांडला. घोडा अठराव्या चालीपासून कुणाच्याही आधाराशिवाय उभा होता. तिने तो पाच चाली पाहिलाच नव्हता. हत्ती डी1 हे यंत्राचं उत्तर बरोबर होतं, पण दहा वर्षांच्या मुलीला त्याचा काडीचाही उपयोग नव्हता.

त्या दिवसापासून घरात नियम झाला: हरलेला डाव आधी पटावर मांडायचा, मग वहीत आपली चूक स्वतःच्या शब्दांत लिहायची, आणि मगच यंत्राला विचारायचं. हा नियम दोन्ही साइटवर पाळता येतो. पण जिथे डाव संपताच चालींना रंगीत शेरे मिळतात तिथे तो पाळणं मुलाला फार जड जातं, हे मी जवळून पाहिलं आहे. लिचेसचा कोरडेपणा म्हणूनच मला मुलांच्या बाबतीत फायद्याचा वाटतो.

दुसरा नियम वेळेचा. एक मिनिटाचे आणि तीन मिनिटांचे डाव मुलांना चटकन आवडतात. ते बंद करायला जमलं नाही तर निदान आधी 15+10 चा एक डाव खेळायला लावा, म्हणजे प्रत्येकाला पंधरा मिनिटं आणि दर चालीला दहा सेकंद जास्त. हडफड्याला मुख्य डावात पहिल्या चाळीस चालींना दीड तास, पुढे अर्धा तास आणि दर चालीला तीस सेकंद होते. तितका विचार करण्याची सवय तीन मिनिटांत लागत नाही.

पटाकडे वळते. माझे आजोबा देशी पद्धतीने खेळत, त्यांचं प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर पुढे जायचं, आणि प्याद्याने मात केली की ते दिवसभर खुशीत असायचे. त्यांचा लाकडी पट आमच्याकडे अजून आहे, पण पावसाळ्यात तो फुगतो, कडेला बुरशी धरते. गोव्यात रोजच्या वापराला गुंडाळता येणारा रेक्झिनसारखा पट घ्या. स्पर्धेच्या मापात राजा साधारण साडेनऊ सेंटिमीटर उंच असतो आणि घर पाच ते सहा सेंटिमीटरचं. याहून लहान खेळण्यातला संच घेऊ नका. जे मूल फक्त पडद्यावर शिकलं आहे त्याला खऱ्या पटावर लांबच्या तिरक्या रेषेवरचा उंट दिसत नाही. आम्ही हे पहिल्याच स्पर्धेत अनुभवलं, वजीर तसाच गेला.

पडदा अजिबात शिकवत नाही अशा गोष्टीही आहेत. स्पर्श केलेला मोहरा हलवावाच लागतो. चाली स्वतःच्या हाताने लिहाव्या लागतात. पडदा नियमाबाहेरची चाल करूच देत नाही. पूर्ण वेळेच्या स्पर्धेत पटावर ती झाली, तर पहिल्यांदा प्रतिस्पर्ध्याला दोन मिनिटं मिळतात आणि दुसऱ्यांदा डावच जातो. चाल करून घड्याळ दाबायला विसरणारी मुलं मी दर रविवारी पाहते. आणि जुलैच्या पावसात वीज गेली, नेट गेलं, की साइटवरचा जिंकलेला डाव घड्याळावर हरतो. पट मेणबत्तीवरही चालतो.

गोव्याच्या मुलांना दाखवायला दूर जायची गरज नाही. आपली भक्ती कुलकर्णी 2022 च्या चेन्नई ऑलिंपियाडमध्ये कांस्य जिंकणाऱ्या भारतीय महिला संघात होती. लिऑन मेंडोन्सा 2020 साली महासाथीत वडिलांबरोबर युरोपात अडकला. सगळं जग पडद्यावर खेळत होतं त्या महिन्यांत तो तिथे समोरासमोरच्या स्पर्धा खेळत राहिला आणि चौदाव्या वर्षी भारताचा 67 वा ग्रँडमास्टर झाला. मुलीने ही गोष्ट ऐकली तेव्हा तिने स्वतःहून विचारलं की पुढची स्पर्धा कधी आहे.

रेटिंगबद्दल, म्हणजे खेळाडूची ताकद सांगणाऱ्या आकड्याबद्दल, थोडं, कारण त्यावरून घराघरांत तुलना आणि रडारड होते. लिचेसवर नवा माणूस 1500 पासून सुरू होतो, आणि शिकाऊ खेळाडूचा आकडा तिथे चेसडॉटकॉमपेक्षा बराच वर दिसतो. दोन्हींचा फिडे या आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाच्या रेटिंगशी थेट संबंध नाही. फिडेने 2024 च्या मार्चपासून सर्वात खालचं रेटिंग 1000 वरून 1400 केलं, त्यामुळे जुन्या आकड्यांशी तुलनाही आता जुळत नाही. शेजारच्या मुलाचं लिचेसवर 1600 आणि तुमच्या मुलाचं चेसडॉटकॉमवर 1200 असेल, तर त्यावरून कोण पुढे आहे हे सांगता येत नाही. दोघांना एका पटावर बसवा.

आणखी एक गोष्ट पहिल्याच आठवड्यात सांगा. डाव चालू असताना दुसऱ्या खिडकीत इंजिन उघडणं ही फसवणूक आहे, दोन्ही साइट ती शोधून खातं बंद करतात. नऊ वर्षांच्या मुलाला हे आपण सांगितल्याशिवाय कळत नाही. ते रागावून सांगू नका, पट समोर ठेवून सांगा.

पैसे कुठे घालायचे हे ठरलं असेल, तर जवळची एखादी स्पर्धा निवडा आणि नाव देण्याआधी आयोजकांना तीन गोष्टी विचारा: फेऱ्या किती, एका डावाला वेळ किती, आणि रेटिंगची स्पर्धा आहे का. घड्याळ स्वतःचं आणायचं का, हेही विचारून ठेवा. सकाळी निघताना मुलाजवळ दोन पेनं, पाण्याची बाटली आणि खायला काहीतरी द्या. फोन तुमच्याकडे ठेवा, सभागृहात तो मुलाच्या खिशात सापडला तर डाव जाऊ शकतो. आणि मूल बाहेर आलं की निकाल विचारायच्या आधी चालींचा कागद मागून घ्या, घरी पटावर मांडायला तोच लागणार आहे.