पाण्याच्या दाबावर चालणारं स्पीडोमीटर: आउटबोर्ड मोटरवर आठ महिने वापरल्यानंतर

नोव्हेंबरात आम्ही ४० हॉर्सपॉवरची जुनी आउटबोर्ड मोटर, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून लावायचं इंजिन, घेतली. आम्ही म्हणजे मी आणि माझा धाकटा साळा. तो रामटेककडच्या एका जलाशयात पिंजऱ्यांत मासे वाढवतो आणि मी शनिवार-रविवार नागपुरातून त्याच्या मदतीला जातो. मोटर चांगली निघाली. दुसऱ्या ओढीला सुरू होते, खाद्याची पोती भरलेली बोट आरामात ओढते, पेट्रोल जरा जास्त खाते. मला लिहायचंय ते तिच्यासोबत आलेल्या स्पीडोमीटरबद्दल, कारण त्याच्यापायी आमचे साडेतीन हजार रुपये विनाकारण गेले.

या मीटरला तार नसते, बॅटरी नसते. मोटरचा जो भाग पाण्याखाली असतो, त्याच्या पुढच्या धारेवर एक बारीक भोक असतं. बोट पुढे गेली की पाणी त्या भोकावर आदळतं, आतल्या वाटेनं वर चढतं आणि तिथून नळीनं मीटरपर्यंत दाब पोचवतं. वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. म्हणून ताशी १० किलोमीटरच्या खाली काटा जवळपास हलतच नाही. पिंजऱ्याजवळ हळू चालवताना या मीटरचा काही उपयोग नाही, हे आधीच सांगून ठेवतो. पण मोकळ्या पाण्यात त्याच्यासारखा सोबती नाही. रोजच्या वजनाला रोजचा वेग मिळाला नाही, तर पंख्याला काही अडकलंय किंवा बोटीच्या बुडाला शेवाळ धरलंय, हे आम्हाला काटाच आधी सांगतो. मोबाइलवर वेग दिसतो, मान्य. पण मे महिन्यात आपल्याकडे उन्हात धरलेला मोबाइल तापून बंद पडतो आणि पावसाळ्यात ओल्या बोटांनी तो चालत नाही.

पहिले चार महिने काटा मोबाइलपेक्षा थोडा कमी दाखवायचा. एप्रिलमध्ये पाणी उतरलं, काठाजवळ मोटर गाळ ढवळत चालायला लागली आणि काटा सुस्तावला. बोट पूर्ण वेगात आली तरी तो सावकाश चढायचा. एक दिवस बोट धक्क्याला बांधून आम्ही पोती उतरवत होतो आणि मीटर ताशी १५ दाखवत होतं! पुढच्या आठवड्यात तो शून्यावर जो बसला तो उठलाच नाही.

नागपुरातल्या एका दुकानदारानं मोटर न बघताच मीटर गेलं म्हणून सांगितलं आणि नवं दिलं. लावलं, तर तेही शून्यावर. लावलेला माल परत घ्यायला तो तयार झाला नाही. याचा मला आजही राग आहे, कारण त्यानं मीटरमागची नळी काढून बघायला सांगितलं असतं तरी पुरे होतं.

शेवटी कामठीहून एक म्हातारे मेकॅनिक आले. मोटर वर उचलून धरली, पुढच्या धारेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "नवं मीटर कायले आणलं भाऊ? याचं भोक बुजून राहिलं ना." आम्हाला ते भोक दिसतही नव्हतं. आधीच्या मालकानं विकण्यापूर्वी मोटरला रंग मारला होता आणि तो रंग भोकाच्या तोंडाशी थिजला होता. उरलेल्या फटीत गाळ बसला आणि उन्हात वाळून विटेसारखा झाला.

त्यांनी आधी किल्ली काढून खिशात टाकली. मोटारसायकलच्या क्लच वायरची एक बारीक तार घेऊन भोकाचं तोंड मोकळं केलं. तार दीड-दोन सेंटिमीटरच आत जाते, कारण पुढे वाट वरच्या बाजूला वळते. तिथे जोर लावला तर तार आत तुटून अडकते. रंगाचा थर त्यांनी बारीक ड्रिल बिट नुसत्या बोटांनी फिरवून खरवडला. मशीन लावायचं नाही, कारण अंग अॅल्युमिनियमचं असतं आणि भोक मोठं होतं. मग वरची नळी मोटरजवळ सोडवली, खाली जाणाऱ्या टोकात पाणी भरलं, अर्धा तास मुरू दिलं आणि सायकलच्या पंपानं वरून खाली हवा मारली. चौथ्या-पाचव्या दमाला भोकातून काळा गाळ शेवेसारखा बाहेर आला, बोटाच्या पेराएवढा. मागोमाग गढूळ पाणी, मग स्वच्छ.

हवा मारताना नळी मीटरला जोडलेली नको, ही गोष्ट त्यांनी तीनदा बजावली. आतली नाजूक यंत्रणा क्षणात फाटते. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरचा पूर्ण दाबही नको.

काटा कमी दाखवायचा त्याचं कारण मात्र वेगळंच निघालं. ही वाट म्हणजे बंद गल्ली आहे, तिच्यातून पाणी वाहत नाही, नुसता दाब पोचतो. त्यामुळे भोक अर्धवट बुजलं तर काटा उशिरा चढतो आणि उशिरा उतरतो, पण शेवटी बरोबर आकड्यावर येतो. आकडाच कमी येत असेल तर दाब कुठेतरी गळतोय. आमच्या नळीचा एक सांधा सैल होता. तो घट्ट केल्यावर काटा आणि मोबाइल जुळले.

घरच्या घरी तपासायचं तर मीटरमागची नळी काढून एकानं हातात धरायची आणि दुसऱ्यानं बोट मोकळ्या पाण्यात पळवायची. ताशी २० किलोमीटरला पाणी साधारण दीड मीटर वर चढू शकतं आणि आमचं मीटर पाण्यापासून मीटरभरच उंच आहे. नळीतून पाणी उडालं तर वाट मोकळी आहे, दोष मीटरमध्ये शोधा. उडालं नाही, तर खालीच काम आहे. साळ्यानं पहिल्यांदा नळी धरली तेव्हा धार थेट त्याच्या छातीवर आली आणि तो ओरडला, "भाऊजी, आलं आलं!" मग आमचं जुनंच मीटर परत लावलं. ते ठणठणीत आहे.

एक गोष्ट गल्लत होऊ नये म्हणून लिहितो. मोटर थंड ठेवणाऱ्या पाण्याची वाट वेगळी असते. स्पीडोमीटरचं भोक बुजलं तरी मोटर तापत नाही. पण चालू मोटरमधून बाहेर पडणारी पाण्याची धार बारीक झाली, तर त्याच क्षणी मोटर बंद करा.

जूनच्या शेवटी पहिल्या पावसाचं लाल पाणी जलाशयात आलं आणि भोक पुन्हा बुजलं. यावेळी दहा मिनिटांत मोकळं झालं, कारण गाळ ओला होता. तेव्हापासून बोट काठाला लागली की मोटर वर उचलून साळा भोकावर स्वच्छ पाण्याचा तांब्या ओततो आणि तार एकदा फिरवतो. ती तार आम्ही मोटरच्या झाकणाच्या आत चिकटपट्टीनं लावून ठेवली आहे. मीटरची नळी उन्हानं कडक झाली आहे, ती पोळा झाला की अख्खी बदलणार आहोत.