नवं वाचनालय: पायऱ्यांना पैकीच्या पैकी, बाकी बघू

पुस्तक बदलायला गेले आणि तासभर पायऱ्यांवरच रमले. चांगल्या रुंद, दुपारनंतर सावलीत. एकीकडे पोरं गृहपाठ करत होती, दुसरीकडे दोन आजोबा बुद्धिबळात गुंग. दार, पायऱ्या आणि बसस्टॉप एका रेषेत ठेवलेत, म्हणून येणारा-जाणारा रेंगाळतो. ज्यानं आखलं त्याला हे कळलंय.

फिनलंडमधल्या हेलसिंकीत २०१८ साली उघडलेल्या ओडी वाचनालयात पुस्तकांसोबत शिलाई मशीनही वापरायला मिळतं. इथे निदान सभेची खोली आहे, पण कुलूपबंद! चावी मागितली तर म्हणे, अर्ज करा.

आणि रॅम्प? मागच्या दाराला, कचऱ्याच्या डब्यांशेजारी. परवा आईची व्हीलचेअर तिथूनच ढकलत नेली. नाक दाबून म्हणाली, "पुढच्या दारानं कोण जातं गं?"

पाचपैकी तीन.