मोठ्या क्लबचा बाक की छोट्या क्लबचं मैदान?

कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर फुटबॉल खेळणाऱ्या एखाद्या पोराला एजंटानं परदेशाचं आमिष दाखवलं, की घरातून पहिला प्रश्न येतो, "क्लब मोठा आहे का?" माझ्या मते हा दुसरा प्रश्न. पहिला असा, की मैदानात उतरवणार का? आधी गेलेल्यांचे हिशेब शेजारी शेजारी मांडून बघा.

बायचुंग भुतिया 1999 मध्ये ईस्ट बंगाल सोडून बरीला गेला तेव्हा 22 वर्षांचा होता. बरी हे मँचेस्टरजवळचं छोटं शहर, क्लब तेव्हा इंग्लंडच्या लीगच्या तिसऱ्या पायरीवरचा. पहिला गोल व्हायला एप्रिल 2000 उजाडला. तीन मोसमांत लीगचे 37 सामने, 3 गोल. आकडे बघून नाक मुरडणारे बरेच भेटतील. पण अंगावर धावून येणाऱ्या इंग्लिश बचावपटूंशी 37 वेळा भिडणं ही शिकवणी इथे फी भरून मिळत नाही. पुढे गुडघा दुखावला, क्लब कर्जात बुडाला आणि 2002 मध्ये तो परतला.

स्ट्रायकर सुनील छेत्रीच्या यादीतली नावं याहून भारी. 2009 मध्ये क्वीन्स पार्क रेंजर्सशी करार ठरला, पण ब्रिटनने वर्क परमिट नाकारलं, कारण भारत फिफा क्रमवारीत पहिल्या सत्तरात नव्हता. खेळाडू कितीही चांगला असो, देशाचा नंबर आडवा येतो, हे घरी आधीच सांगून ठेवा. 2010 मध्ये अमेरिकेत कॅन्सस सिटी विझार्ड्स. तिथे अधिकृत सामना एकच, यूएस ओपन कपचा, त्यातही मध्यंतराला बाहेर. 2012 मध्ये थेट लिस्बनचा स्पोर्टिंग, जिथे रोनाल्डो घडला तो. छेत्री मात्र ब संघात, म्हणजे राखीव संघात, तिथेही सामने तीनच. फेब्रुवारी 2013 मध्ये तो लोनवर, म्हणजे उसना, गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सकडे आला आणि त्याच मोसमात आय-लीग, म्हणजे तेव्हाची देशातली अव्वल लीग, जिंकला! स्पोर्टिंगला गेला तेव्हा तो अठ्ठावीसला टेकला होता. त्या वयात बाकावर गेलेला मोसम भरून निघत नाही.

गुरप्रीत सिंग संधूचं गणित वेगळं, कारण तो गोली. 2014 मध्ये नॉर्वेच्या स्टाबेकला गेला, तोही 22 व्या वर्षी. बराच काळ थांबला आणि 2016 मध्ये लीगमध्ये उतरला. त्याच वर्षी युरोपा लीगच्या पात्रता फेरीतही खेळला. गोलीला वाट बघणं परवडतं, त्याची खरी वर्षं तिशीत येतात. स्ट्रायकरने हा दाखला देऊ नये.

संदेश झिंगन 2021 मध्ये क्रोएशियाच्या शिबेनिकला गेला, दुखापत झाली, एकही सामना न खेळता परत आला. याला इलाज नाही.

मुलगी असेल तर मनीषा कल्याणकडे बघा. 2022 मध्ये सायप्रसच्या अपोलोन लेडीजकडून ती चॅम्पियन्स लीग खेळली. सायप्रस ऐकून घरचे हिरमुसले असते कदाचित.

माझा कौल वय बाविसच्या आसपास असेल तर बरीच्या बाजूने. सत्ताविशी ओलांडलेल्या स्ट्रायकरने इथली खेळायची जागा सोडण्याआधी चारदा विचार करावा. आणि एजंट 'स्पोर्टिंग', 'स्पोर्टिंग' करत असला तरी करारात 'ब' हे अक्षर कुठे लिहिलंय का, ते सहीआधी स्वतःच्या डोळ्यांनी वाचा.