आधी शेततळे की बांधबंदिस्ती?

सिन्नर, चांदवड, येवल्याकडच्या कमी पावसाच्या पट्ट्यात तीन-चार एकरवाल्याच्या हाती पैसा आला की पहिली नजर शेततळ्याकडे जाते. बाग उभी आहे आणि विहीर फेब्रुवारीत तळ दाखवते, तर त्यात चूक नाही. पण दुसरी वाट बांधबंदिस्तीची, म्हणजे मातीचे बांध घालून शेतातले पाणी आणि माती अडवण्याची. दोन्हींचा हिशेब आधी मांडा.

30 × 30 × 3 मीटरच्या, 1:1 बाजूउताराच्या तळ्यात 2196 घनमीटर पाणी मावते, म्हणजे 22 लाख लिटर. पाणी झिरपू नये म्हणून अंथरायचा प्लास्टिकचा कागद, कडेच्या चरात दाबायचा धरून, सुमारे 1200 चौरस मीटर लागतो. उन्हाळ्यात रोज 7 मिलिमीटर पाणी उडाले, तर 100 दिवसांत पाचेकशे घनमीटर हवेत जाते. उरलेले एका एकराला ठिबकने रोज 20 हजार लिटर दिले की 80-85 दिवस पुरते.

खरी मेख वेगळीच. कागदाच्या तळ्याचा भराव जमिनीपेक्षा उंच असतो, शेतातले वाहते पाणी त्यात शिरत नाही. भरतो आपण पंपाने, विहिरीतूनच. म्हणजे शिवारातले पाणी थेंबानेही वाढत नाही, जमिनीखाली सावलीत असलेले उन्हात येते एवढेच. म्हणून नाला वाहता आणि विहीर तुडुंब असतानाच तळे भरून घ्यावे. दिवाळीनंतर उपसाल तर शेजाऱ्याची विहीरही आटेल. कागद फाटतो तो खड्यांनी, घुशींनी आणि रिकामे तळे उन्हात तापल्याने. तळाशी फूटभर पाणी राहू द्या. ओला कागद निसरडा असतो, पडलेला माणूस वर येऊ शकत नाही. जाळीचे कुंपण आणि चारही बाजूंना गाठींचे दोर हवेतच.

बांधबंदिस्ती एप्रिलमध्ये बागेला पाणी देणार नाही, पण माती राखते. एकरातली 1 मिलिमीटर माती वाहिली तर पाचेक टन गेली, आणि आधी जाते ती बारीक, स्फुरद आणि सेंद्रिय कर्ब धरून ठेवणारी. मग तेच शेणखत ट्रॉलीने विकत आणायचे! हलक्या मुरमाड रानात समतल बांध, म्हणजे सारख्या उंचीच्या रेषेने घातलेले, चालतात. काळ्या रानात ते घालू नका: उन्हाळ्यात भेगा पडतात, पहिल्याच मोठ्या पावसात पाणी भेगेतून शिरून बांध फुटतो, नाहीतर पीक सडते. तिथे बांधाला 100 मीटरला 20 ते 40 सेंटिमीटर ढाळ देऊन पाणी नाल्याकडे काढा, सांडव्याला, म्हणजे जादा पाणी बाहेर पडायच्या वाटेला, दगड लावा, बांधावर मारवेल गवत लावा.

नत्राची गोष्ट निराळी. ते विरघळून खाली विहिरीत उतरते. बांधाने पाणी जास्त मुरले की नत्रही जास्त उतरते, म्हणून युरिया एकदम न टाकता हप्त्यांनी द्या. विहिरीचे पाणी तपासा. लिटरला 45 मिलिग्रॅम नायट्रेट निघाले, तर 15 लाख लिटर पाण्यातून 15 किलो नत्र, म्हणजे 33 किलो युरिया फुकटात पडतो. तेवढा डोसातून वजा करा.

कांदा-मका घेणाऱ्याने आधी बांध घालावेत, सोबत गाळ अडवणारा खड्डा करून विहीर पुनर्भरण करावे, म्हणजे पावसाचे वाहते पाणी विहिरीत सोडावे. दोन पावसाळ्यांनी विहीर किती टिकते ते पाहून तळ्याचा आकार ठरवावा. बाग उभी असेल त्याला एवढी सवड नसते. त्याने तळे आधी खोदावे, निघालेला मुरूम शेतात पसरू नये.