सावली म्हणजे शेड की शॅडो? ऑक्सफर्डच्या जाड्या डिक्शनरीबद्दल

पोराने निबंधात लिहिलं की आम्ही झाडाच्या शॅडोमध्ये बसून डबा खाल्ला, बाईंनी लाल गोल करून वर शेड लिहिलं, बास, का ते काही नाही. घरी येऊन मला म्हणतो, बाबा, सावली म्हणजे शॅडोच ना? आता मराठीत जिच्यात बसतो तीही सावली आणि भिंतीवर पडते तीही सावलीच, मी काय कपाळ सांगणार! मग दोन वर्षांपूर्वी अप्पा बळवंत चौकातून आणलेली आणि तेव्हापासून कपाटावर धूळ खात पडलेली ऑक्सफर्ड अ‍ॅडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी खाली काढली.

तिच्यात 'विच वर्ड?' नावाच्या चौकटी आहेत, खरा माल तिथेच आहे. शेड म्हणजे उन्हापासून आडोसा, तो मोजत नाहीत, शॅडो म्हणजे उजेड अडला की पडणारा आकार, तो एक-दोन-तीन मोजता येतो. दोन-तीन ओळींत विषय संपला. बिग, लार्ज, ग्रेटला तर अर्थ सांगण्यापेक्षा कोणता शब्द कुठल्या नामाबरोबर जास्त बसतो ते सरळ मांडून दिलंय, आणि लार्ज जरा लिखाणातला शब्द आहे हेही. मला हे फार पटलं, कारण आपणही मोठा आणि थोर यातला फरक व्याख्येने थोडीच शिकलो, थोर माणूस ऐकलं आणि थोर घर कधी ऐकलं नाही, झालं.

हॉर्न्बी नावाच्या ज्या मास्तरने ही डिक्शनरी केली तो जपानमध्ये इंग्रजी शिकवायचा, पहिली आवृत्तीसुद्धा 1942 ला टोकियोत निघाली, ऑक्सफर्डने 1948 ला छापली. वर्गात पोरं कुठे अडखळतात ते बघितलेला माणूस, ते जाणवतं.

तक्रार एकच. चौकट इंग्रजी शब्दाखाली असते आणि आपला घोळ मराठी शब्दापासून सुरू होतो, म्हणजे शेड आठवलाच नाही तर शेडचं पान उघडणार कोण? उसने घेणं-देणं आपल्याकडे एकाच 'उसने'वर भागतं, तिथे बॉरो आणि लेंड अशी दोन टोकं आहेत हे आधी माहीत पाहिजे.

लाँगमनची डिक्शनरी पण चांगलीय, साधारण 2000 सोप्या शब्दांतच सगळे अर्थ सांगते, लहान पोरांना ती झेपेल. कोबिल्ड नावाची आणखी एक डिक्शनरी अख्ख्या वाक्यात अर्थ देते, 'जर तुम्ही अमुक केलंत तर' अशा थाटात, वाचायला मजा येते. पण दोन शब्द शेजारी ठेवून बघायचे तर मी ऑक्सफर्डच काढेन. पैसे घालवायचे नसतील तर वेबसाइटवर फुकट आहे, फक्त तिथे चौकटी मिटलेल्या असतात, क्लिक करून उघडायला लागतात, नाहीतर नजरेतून सुटतात.

सध्या पोरगा टॉल आणि हाय घेऊन बसलाय, आपला छताचा पंखा हाय आहे पण टॉल नाही हे आजीला समजावतोय, आणि आजी म्हणते, आधी तो पुसून घे.